नाशिकवाले आणि चिनी काढा

समोरच्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करायचं नाही, असं व्रत घेऊनच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की सौदीतल्या जुबैलमध्ये कंपनीने नेमका तोच माझ्या फ्लॅटमध्ये आणून टाकला. मी त्यांना नाशिकवाले म्हणायचो. ते मला पुणेकर म्हणायचे, तेही जरा नाक मुरडूनच. प्लँटमधले प्रेशर गेज तपासायचं त्यांचं काम. गेज खोटं दाखवतंय असं वाटलं की त्याला लाल पट्टी बांधायची आणि काढून आणायचं. ही खोड घरीही सुटत नसे. भाजीवाल्याचा काटा, टॅक्सीचा मीटर, माझं घड्याळ, कशाकशावर म्हणून विश्वास नाही.

त्यामुळे डॉक्टरने ब्लडप्रेशर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरच्या यंत्रावर संशय घेतला. तसलंच यंत्र विकत आणून वर्कशॉपमध्ये आपल्या गेजला जोडून पाहिलं आणि लढाई जिंकल्यासारखे घरी आले. "जास्त दाखवतं हो. मी म्हणतच होतो." फरक अगदी किरकोळ होता, पण तेव्हापासून यंत्रावर काहीही येवो, हे मनानेच भरपूर वजाबाकी करून मोकळे. गोळ्या कपाटात पडून राहिल्या. "एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही," म्हणायचे. पुढे डॉक्टरने हृदयाचा फोटो काढून बजावलं की प्रेशरने त्याची भिंत जाड झाली आहे, असंच चाललं तर हृदय थकेल. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत. इथे मेलेला माणूस विमानातून सामानाबरोबर घरी जातो, हे आम्ही दोघांनीही पाहिलेलं. "पुणेकर, मला सीटवर बसून घरी जायचंय," एवढंच म्हणाले.

आता तरी गोळी घेतील की नाही? छे! त्या सुमारास त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक चिनी इंजिनियर आला. त्यालाही प्रेशर. तो दिवसभर थर्मासमधून कसल्याशा लाल मुळ्यांचा काढा प्यायचा आणि छातीवर हात ठेवून हसायचा. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या माणसाने ऐकलं ते याचं, ज्याची भाषा कळत नव्हती. वाद घालायला भाषाच नव्हती ना! मग काय, रोज संध्याकाळी माझ्या चहाच्या पातेल्यात मुळ्या उकळायला लागल्या. चहाला ओल्या गोणपाटाचा वास. मी चिडून विचारायचो, "अहो, पण गोळी?" तर म्हणायचे, "त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या घेतात. तुम्ही चहा कमी प्या."

एका दुपारी वर्कशॉपमध्ये त्यांना श्वास पुरेना. भिंतीला धरून खाली बसले ते उठताच येईना. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, जीव वाचला, पण हृदय फार दमलंय, गेलेली ताकद आता परत यायची नाही. माझं डोकंच फिरलं. तसाच जाऊन मी त्या चिनी माणसाला गाठलं आणि फोनवरच्या भाषांतरातून तोंडाला येईल ते बोललो. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. आमच्या कपाटात पडून होत्या त्याच गोळ्या. फोन हिंदीत बोलला, "सुबह पहले गोली। काढ़ा उसके बाद।" गोळी तो सकाळी घरीच घेऊन मग कामावर यायचा, आमच्या माणसाने पाहिला तो फक्त थर्मास. बिचारा माझ्याबरोबर हॉस्पिटलात आला आणि पलंगाशी मान खाली घालून उभा राहिला. नाशिकवाल्यांनी मला बाजूला बोलावलं. "त्याला काही बोलू नका. मी विचारलंच नाही."

कंपनीने त्यांना कायमचं घरी पाठवलं. दम्मामच्या विमानतळापर्यंत मी सोडायला गेलो होतो. व्हीलचेअरवर बसवलं तर एका शब्दाने हरकत घेतली नाही.

अधूनमधून फोन करतो. वहिनी सांगतात, "भावजी, गोळ्या अगदी वेळेवर घेतात हो. दिलं ते खातात. कशाला म्हणजे कशाला नाही म्हणत नाहीत." परवा मी मुद्दाम त्यांना डिवचलं. म्हटलं, "काही म्हणा, नाशिकच्या मिसळीपेक्षा आमची पुण्याची मिसळ कितीतरी चांगली." एरवी या एका वाक्यावर माणूस आठवडाभर माझ्याशी भांडला असता.

"असेल हो," ते म्हणाले.

भांडा ना हो, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण त्यांना तेवढ्यानेच धाप लागली होती, म्हणून मी फोन ठेवला.