मधुकाकांनी शोधलेला इंग्रजी गोठा

मधुकाका पोंक्ष्यांनी इंग्लंड पाहिलेलं नाही आणि पाहायची हौसही नाही. तरी तिकडच्या एका खानदानी घराची अब्रू त्यांनी माजिवड्यातल्या ऑफिसात बसून काढली.

काका नौपाड्यातले जुने ड्राफ्ट्समन. छत्तीस वर्षं त्यांनी बिल्डरांचे नकाशे काढले. म्हणजे खोलीच्या जागी 'फ्लॉवर बेड' लिहायचं आणि पास झालं की फुलांऐवजी माणसं झोपवायची. निवृत्तीनंतर सुमतीकाकूंनी त्यांना तीन महिने घरात सोसलं आणि चौथ्या महिन्यात स्वतःच नोकरी शोधून दिली. काकूंच्या मैत्रिणीची मुलगी क्षिप्रा हिचं माजिवड्याला ऑफिस होतं. इंग्लंडातल्या जुन्या घरांची मोजमापं आणि फोटो तिच्याकडे यायचे आणि तिची माणसं त्यांवरून नकाशे काढून परत पाठवायची.

तसंच एकदा डेव्हन भागातलं एक शेतघर आलं. जाड मातीच्या भिंती, वर पेंढ्याचं छप्पर, टोपी डोळ्यांवर ओढून डुलकी काढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. मालकीण मिसेस हॉलकोम. बाईंना सगळा जुना पेंढा काढून नवा घालायचा होता आणि माळ्यावर बाथरूम हवं होतं. सोबत घराचा चार पानी इतिहास जोडला होता. बाईंचे पूर्वज कॅप्टन हॉलकोम यांनी १७२१ साली हे घर बांधलं, धुराड्याच्या दगडावर तसा आकडाच आहे, आणि डायनिंग रूममध्ये कॅप्टनसाहेब बड्या पाहुण्यांना मेजवान्या देत, वगैरे. बिल्डरचं माहितीपत्रक बरं, त्यात खाली बारीक अक्षरात खरं तरी लिहिलेलं असतं, असं काका म्हणाले आणि कामाला लागले.

माळ्याच्या फोटोपाशी मात्र ते थबकले. वासे काळेकुट्ट होते. छपरातला सगळ्यांत तळाचा पेंढाही काळा, तुळतुळीत, आणि तो धुराड्याच्या दोन्ही बाजूंना. आता धुराडं असताना धूर माळ्यावर कशाला जाईल? काकांचं लहानपण गुहागरजवळच्या एका शाकारलेल्या घरात गेलेलं. तिथे धुराडं नव्हतंच. चुलीचा धूर गवतातून वाट काढत जायचा आणि वासे असेच काळे व्हायचे. म्हणजे या घरातही आधी जमिनीवर मधोमध विस्तव पेटत असणार, वर माळा नसणारच. कॅप्टनने पुढे धुराडं बांधलं आणि त्यावर असा आकडा कोरला, जणू घरच त्याचं.

मग काकांनी खालची मोजमापं पाहिली. डायनिंग रूमच्या जमिनीला बाहेरच्या भिंतीकडे चांगला वीतभर उतार होता आणि भिंतीच्या पायथ्याशी बुजवलेलं एक भोक. घराचं दार मधोमध, वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं, सगळं एकाच छपराखाली. त्यांच्या गावच्या घराची रचना हुबेहूब हीच होती.

त्यांनी क्षिप्राला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, आपण रेषा पाठवतो. मतं नाही."

शुक्रवारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना काकांनी नकाशावर डायनिंग रूमच्या जागी इंग्रजीत 'पूर्वीचा गोठा' असं लिहिलं आणि नकाशा पाठवून दिला.

सोमवारी व्हिडिओ कॉल आला. थेट बाईंचाच. पंचाहत्तरीच्या, ताठ, मांडीवर कुत्रा. आमच्या डायनिंग रूमला गोठा कशाच्या आधारावर म्हणता, असं त्यांनी थंडपणे विचारलं. क्षिप्राचा आधीच सुजलेला गाल लाल झाला होता. काकांनी बाईंना विनंती केली, की गालिचा गुंडाळून बाहेरच्या भिंतीलगतची एखादी फळी उचलून बघा, खाली त्या बुजवलेल्या भोकाकडे जाणारा दगडी पाट असेल. बाई उठल्या. पुढची अकरा मिनिटं पडद्यावर फक्त कुत्रा दिसत होता. क्षिप्रा काकांकडे न बघता बसली होती आणि काकांना पहिल्यांदाच वाटलं, की नसेल पाट तर?

बाई आल्या त्या केसांत जळमट घेऊन. कुत्र्याला पुन्हा मांडीवर घेत पाट आहे, म्हणाल्या. मग विचारलं, "त्यातून काय वाहायचं?"

क्षिप्राने वहीवर 'पाणी' असं भराभर लिहून काकांसमोर धरलं.

"मूत, मॅडम," काका म्हणाले. "गाईंचं."

बाई इतक्या हसल्या, की कुत्रा मांडीवरून उतरून गेला. कॅप्टनची तसबीर बरोबर त्या पाटाच्या वर टांगली होती, म्हणे.

पुढे तिकडच्या जाणकारांनी लाकूड तपासलं. घर १४६० च्या आसपासचं निघालं, म्हणजे कॅप्टनच्या आधी अडीचशे वर्षांहूनही जुनं. तळाचा काळा पेंढाही तेव्हाचाच. त्याला हात लावायचा नाही असा तिकडच्या सरकारी खात्याचा हुकूम आला आणि माळ्यावरचं बाथरूम गेलं. सुरुवातीला काकांना मजा वाटली. दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलेल्यांचं निदान एक बाथरूम तरी आपण अडवलं! पण सुमतीकाकूंनी विचारलं, की त्या वयात बाईंनी जिने किती उतरायचे? काकूंचे स्वतःचे गुडघे दुखत होते, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. रविवारी बसून काकांनी नकाशात बाईंची झोपायची खोली तळमजल्यावर आणली आणि शेजारच्या जुन्या दूधकोठीत छोटंसं बाथरूम बसवून दिलं. ते मंजूर झालं. जाणकारांनी अहवालात काकांचे आभारही मानले, 'मिस्टर पॉन्टिअस' या नावाने.

तेव्हापासून क्षिप्रा माळ्याचे फोटो आधी काकांना दाखवायला लागली. पुढच्याच घरात त्यांना काजळी दिसली आणि एका निवृत्त न्यायाधीशाची लायब्ररी म्हणजे डुकरांचा गोठा होता, असं त्यांनी छातीठोकपणे कळवलं. वीस वर्षांपूर्वी हीटरने पेट घेतला होता, काजळी त्याची निघाली. माफीचा मेल क्षिप्राने शेजारी उभं राहून काकांकडूनच लिहून घेतला आणि तीनदा खोडायला लावला, कारण प्रत्येक वेळी शेवटी 'तरीही' येत होतं.