कुणालने बंद केलेलं मशीन

भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कुणालचा तो शेवटचा दिवस होता, आणि तो त्याने स्वतःच्याच हाताने ओढवून घेतला होता. गोदामातला मेलचा सर्व्हर हलवून बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचं काम शेठने त्याच्याच गळ्यात घातलं. काम झालं, पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच केसरीनाथशेठ म्हणाले, "मशीनच न्हाय, तं मानूस कशाला पायजे?" शेठ वाईट माणूस नव्हता. हिशोबी होता, एवढंच.

कुणालला अंबरनाथला दुसरी नोकरी मिळाली. त्यांची एकच अट होती. अनुभवाचं पत्र गोदामाच्या मेलवरून यायला हवं, आणि तेही आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार होता.

दुपारी ऑफिसातल्या उन्नतीने ते पत्र मेलला जोडून बटण दाबलं, तर वर लाल पट्टी आली. मेल पाठवता आला नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पट्टी.

"कुणालदादा, मेल येतायत सगळे, पण एकपण जात नाहीये. तुमचं पत्रपण अडकलं."

कुणालला नुसता वीट आला. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती गेल्या काही दिवसांच्या जागरणात संपली होती. तो खुर्चीत बसला. पासवर्ड बदलून पाहिला. भाड्याच्या सर्व्हरवाल्यांना फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. नव्या सर्व्हरच्या नोंदीत या मेलचा पत्ताच नव्हता. मेल तिथवर पोचतच नव्हते.

मग कालपर्यंत कसे जात होते? आज वेगळं काय झालं?

आज सकाळी त्याने जुनं मशीन बंद केलं होतं. दसऱ्याला घातलेली झेंडूची माळ त्यावर वाळून काळी पडली होती, तीही काढली होती. आपण निघताना मागे काही लोंबकळत राहू नये, म्हणून.

ऑफिसातले सगळे जिथून मेल पाठवायचे, त्या वेबमेलची सेटिंग त्याने उघडली आणि कपाळाला हात लावला. येणारे मेल नव्या सर्व्हरवरून घ्यायचे हे त्याने लिहिलं होतं. जाणारे मेल कुठून पाठवायचे, तिथे मात्र जुन्या मशीनचाच पत्ता तसाच राहिला होता. पेढे वाटून झाल्यावरही ते म्हातारं मशीन कोपऱ्यात बसून सगळ्यांचे मेल बाहेर ढकलत होतं, आणि कुणालाच, अगदी त्यालाही, खबर नव्हती.

खात्री करायला त्याने मशीन पुन्हा चालू केलं. पंखा कण्हत फिरायला लागला. उन्नतीने बटण दाबलं, आणि पत्र गेलं.

"झाला ना?" दारातून शेठ म्हणाले. "मंग ऱ्हाऊ दे त्याला चालू. तू नीघ आता, तुला बसपन गाठायची हाय."

कुणालने बॅग खांद्याला लावली. त्याचं काम झालं होतं, आणि घरी जाऊन पाठ टेकण्यापलीकडे त्याला काही नको होतं. पण पाय निघेना. हे मशीन आज ना उद्या मरणार, आणि सगळं खापर या पोरीच्या डोक्यावर फुटणार. त्याने स्वतःला शिवी हासडली, बॅग खाली ठेवली आणि सेटिंगमध्ये नवा पत्ता भरला. जुनं मशीन बंद केलं. उन्नतीला मेल पाठवायला लावला, तो गेला. मग शेवटचं काम उरलं होतं. जो माणूस नोकरी सोडतो त्याचं खातं त्याच दिवशी काढायचं, हा नियम त्यानेच घातला होता. त्याने स्वतःचं खातं काढून टाकलं.

कुणालची वज्रेश्वरीची बस भिवंडीतून निघाली तेव्हा उन्नतीचा फोन आला.

"दादा, पुन्हा बिघडलं वाटतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला थँक्यू म्हणून मेल केला, तर परत आला. या नावाचं इथे कोणी नाही, असं म्हणतोय."

 

"बिघडलं नाही, उन्नती," कुणाल म्हणाला. "बरोबर चाललंय."