अक्कांनी हुंगलेली नाव

माझं माहेर भीमेकाठचं आणि सासर सीनेकाठचं, परांड्याच्या बाजूचं. दोन्हीकडं धंदा एकच, मासे धरायचा. मी नवी सून म्हणून वस्तीत आले तो लढाईचा काळ होता. रॉकेल मिळत नसे, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. आमच्या काठावर निजामाचं राज्य आणि पल्याड इंग्रजांचं. उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागेवर, करोडगिरीचा नाका होता. इकडून तिकडं जाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. नाक्यावर एक वयस्क मुन्शी बसायचे. माल फारसा येत नसे, त्यामुळं ते बहुतेक वेळ नदीकडं बघत पान खायचे.

आमच्या घरी तेव्हा दोन नावा होत्या. एक नवी, आमच्या ह्यांच्यासाठी माझ्या लग्नाआधी करून घेतलेली. दुसरी जुनी, मामंजींची. बाभळीच्या फळ्यांची, रुंद बुडाची, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. मामंजींचे गुडघे धरल्यापासून ती काठावर वडाखाली पडून होती. गावातल्या एकाला तिची लाकडं पाहिजे होती. मामंजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्यांच्या मनात वेगळंच होतं. त्यामागं आदल्या पावसाळ्यातली एक गोष्ट होती, ती मला आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी सांगितली. आमच्या गावात जंगमांचा मठ आहे. मठातले म्हातारे अप्पा झाडपाल्याचं औषध द्यायचे आणि त्यांच्या हाताला गुण होता. इंग्रजांच्या मुलखातूनही माणसं त्यांच्याकडं यायची. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. पावसाळ्यात मात्र पल्याड उभं राहून हाका मारायच्या आणि आमच्यापैकी कुणी मोकळं असलं तर नाव न्यायची, असंच चालायचं. त्या दिवशी वस्तीतले सगळे खालच्या डोहावर गेले होते. दुपारनंतर परत आले तर पल्याड एक म्हातारा तापानं फणफणलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसलेला. सकाळपासून हाका मारून त्याचा घसा बसला होता. पोरगी वाचली, पुढं चांगली खेळायला लागली. पण मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. एक नाव कायम उताराला पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

म्हणून त्या चैत्रात त्यांनी मठात जाऊन अप्पांना सांगितलं की माझी नाव मठाला घ्या, फुकट माणसं ने-आण करायला. अप्पांना फार आनंद झाला. अडचण आली ती अक्कांची.

अक्का म्हणजे गावातल्या मोठ्या वाण्याच्या आई. मठाचा मुदपाकखाना त्यांच्या ताब्यात होता आणि मठातही शब्द त्यांचाच चालायचा. उंच, कपाळभर विभूती, बोलणं कमी. घरात कांद्यालाही विचार करून शिवणाऱ्या. त्यांनी मामंजींना स्पष्टच सांगितलं की दान मोठं आहे, मी हात जोडते. पण मठाच्या नावेत गळ्यात लिंग असलेली माणसं बसणार, ओल्या बाळंतिणी बसणार. जिथं इतकी वर्षं मासे तडफडले, वास मारतोय, तिथं त्यांना कसं बसवू?

दुसरा कुणी असता तर रागानं उठून आला असता. मामंजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वास गेला तर चालंल का?"

"गेला तर चालेल," अक्का म्हणाल्या. "पण मी स्वतः बघणार."

वास घालवायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात मीच नवी आणि मीच तरणी. आधी वाळू आणि राख लावून नाव घासली. मग चिंचेचं पाणी. मग लिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी. आत्या पदर खोचून माझ्या जोडीला बसायच्या आणि घासता घासता मामंजींच्या दानशूरपणाबद्दल जे बोलायचं ते बोलून घ्यायच्या. नाव उन्हात वाळली की मठात निरोप जायचा. अक्का यायच्या, चप्पल लांब काढायच्या, नावेच्या कडेला दोन्ही हात टेकून खाली वाकायच्या आणि हुंगायच्या. आम्ही बाजूला उभ्या. त्या सरळ व्हायच्या, पदर झटकायच्या आणि म्हणायच्या, "येतो."

एवढंच. की आम्ही परत घासायला.

हे सगळं गावाला ठाऊक झालं. अक्का उताराकडं निघाल्या की पाठीमागं बायका निघायच्या. आमचे हे घरी आले की आधी मला विचारायचे, आज आला का गेला? मला हसू यायचं आणि हात दुखायचे, दोन्ही. एकदा मी आत्यांना म्हटलं की आता नुसतं लाकूड राहिलंय, त्याला लाकडाचा वास येतो. आत्या म्हणाल्या, "त्या बाईचं नाक लई तिखट हाय. तिला आपल्या हाताचा येत आसंल."

ते खरंही असेल. आम्ही घासणार, आणि आमच्या हातांना तर मासळीचा वास जन्माचा.

नाक्यावरचे मुन्शी हे सगळं रोज पाहायचे. एक दिवस ते पुडी घेऊन खाली आले आणि मामंजींना म्हणाले, "बाबा, ये लोबान लेव. पीरसाब के दर्ग्यासे आणेलाय. नाव में धूर करो, देखो कैसी महकती." त्यांची बोली अशी निम्मी दख्खनी, निम्मी मराठी होती. आम्ही नाव पालथी घातली, खाली निखाऱ्यावर लोबान टाकला आणि दिवसभर धुरी दिली. धूर फळ्याफळ्यांतून बाहेर येत होता. पाण्याला आलेल्या गुरांनीही लांबूनच वळसा घेतला.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या, वाकल्या आणि या वेळी बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "आता दोन वास येतात."

मामंजी पहिल्यांदाच हताश झालेले दिसले. बाहेर अंगणात बसून होते, तंबाखूसुद्धा मळली नाही.

पुढं ज्येष्ठ लागला. अक्कांच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलेलं, मुहूर्त मोसमातला शेवटचा. नवरा मुलगा पल्याडचा. नदीला गुडघाभर पाणी, वऱ्हाड बैलगाड्यांनी आरामात येणार म्हणून कुणाला काळजी नव्हती. पण आदल्या रात्री वर नगरच्या बाजूला कुठंतरी जोराचा पाऊस झाला असावा. आमच्याकडं थेंब नाही, आणि सकाळी बघतो तर सीना दोन्ही काठ भरून लाल वाहतेय.

वऱ्हाड पल्याड येऊन थांबलं. गाड्या, बायका, वाजंत्री, आणि झूल घातलेला नवरदेवाचा घोडा. अल्याड अक्कांचा मुलगा, मठातली माणसं, निम्मं गाव. वाजंत्र्यांना काही सुचेना म्हणून ते तिकडंच वाजवत बसले. आमचे हे आणि वस्तीतले बाकीचे गडी नावा घेऊन आदल्या दिवशीच खालच्या डोहावर गेलेले, पाणी ओसरेस्तोवर येण्यासारखे नव्हते. उताराला नाव एकच. तीच.

मामंजी काठावर उभं राहून पाणी निरखत होते. पहिला लोंढा जाऊ दिला. मग नावेकडं गेले आणि मला म्हणाले, "सूनबाई, म्हायेरी वेळू धरला होतास न्हवं?"

नाव रेटायचा तो लांब बांबू मी धरला होता. भीमेच्या पुरात धरला होता. पदर कमरेला खोचला आणि वेळू घेतला. नव्या सुनेनं सगळ्या गावासमोर नाव ढकलायची, हे आत्यांना कसं वाटेल म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्या नावेतलं पाणी उपसायला लोटा शोधत होत्या.

अक्कांचा मुलगा पुढं आला. तो आईकडं बघायचा आणि नावेकडं बघायचा. एवढे दिवस जी नाव त्यांनी हुंगून नाकारली, तिच्यात आता जावई बसवायचा की मुहूर्त घालवायचा?

अक्कांनी चप्पल काढली. मामंजींचा हात धरला, ज्या हातानं त्यांनी जन्मभर जाळं ओढलं होतं तोच, आणि नावेत चढून मधोमध मांडी घालून बसल्या.

"आधी मी जाते," त्या म्हणाल्या. "मी बसलेय म्हटल्यावर पल्याड कुणी काही बोलणार नाही."

पुढं मी वेळू घेऊन, मागं मामंजी वल्हं घेऊन. पाण्याला ओढ होती, पण मामंजींना नदीचा तळ पाठ होता. ते आडवे गेलेच नाहीत, वरच्या अंगाला नाव नेऊन तिरकी सोडली. अक्का डोळे मिटून पंचाक्षरी म्हणत होत्या. मधे एकदा नाव जोरात हलली तेव्हा त्यांनी माझा पाय घट्ट धरला, तो पल्याड लागेपर्यंत सोडलाच नाही.

पहिल्या खेपेला नवरदेव, त्याची आई आणि त्याची आत्या. त्या आत्याबाईंनी बसता बसताच नाकाला पदर लावला आणि विचारलं की कसला वास येतोय. अक्कांनी मानही वळवली नाही.

"लोबानाचा," त्या म्हणाल्या.

मामंजींना मागं इतकं हसू आलं की वल्हं हातातून निसटता निसटता राहिलं.

दुपारपर्यंत आम्ही खेपा घातल्या. घोडा तेवढा पल्याड राहिला. नवरदेव चालत मांडवात गेला, मुहूर्त सापडला. मुन्शीजींनी त्या दिवशी नाक्यावर कुणाचं गाठोडं सोडून पाहिलं नाही, वर सगळ्या वऱ्हाडाला पान दिलं. संध्याकाळी अक्का आमच्या वस्तीवर आल्या. तोवर त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी मला चोळीचा खण दिला आणि मामंजींना म्हणाल्या, "भोईदादा, नाव मठाची झाली. आता घासू नका."

श्रावणातल्या एका सोमवारी अप्पांनी नावेला हार घातला, बेल वाहिला, आणि ती उताराला कायमची बांधली. मठानं एक गडी ठेवला. पण मामंजींचं मन काही घरी रमेना. सकाळी भाकरी खाल्ली की काठी टेकत उताराला जायचे, त्या गड्याला पाण्याची ओढ समजावून सांगायचे, आणि कुणी औषधाला निघालं की त्याच्याबरोबर उगीच पल्याड जाऊन यायचे. गडी बिचारा ऐकून घ्यायचा.

कुणी घरी येऊन मामंजींची चौकशी केली की आत्या चुलीपुढून न उठता सांगायच्या, "ते आता आमचे न्हायीत. नाव मठाला दिली, तिच्यासंगं तेबी दिले."