मैदानावरच्या गाड्या

"तुमच्याकडं शिट्टी हाय ना? मग गाड्या लावून घ्या."

संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडं न बघताच बोलले. त्यांच्या पोराचा साखरपुडा होता. मंडप शाळेशेजारी, पाहुण्यांच्या गाड्या शाळेच्या मैदानात. माझा पीटीचा तास चालू होता. नववीच्या मुली कबड्डी खेळत होत्या.

मी शिट्टी वाजवली. गाड्या लावल्या. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या कबड्डीच्या पट्ट्यांवरून चाकं गेली. मी बघत राहिले.

मी वडवणीतल्या फळवाल्याची पोर. बी.पी.एड. केलंय. पण शाळेत पीटी म्हंजी मोकळा तास. गणिताचे सर मागायचे, द्यायचा. पाहुणे आले की मुलींनी सतरंज्या अंथरायच्या. मी मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, खेळून पोट भरतं का.

माझ्या मुली खांदे पाडून चालतात. घरी पळायला कोण देतं त्यांना? आपलं अंग कुठं आहे हेच ठाऊक नसतं. किराणावाल्याची शिवकन्या वर्गात कधी तोंड उघडत नव्हती. चढाईला जाऊ लागली, तेव्हा तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. लई मोठा आवाज.

गाड्या लावत असताना एक पांढरी गाडी तिच्यासमोर येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. अध्यक्ष ओरडले, "पोरींना वर्गात कोंडा."

शिवकन्यानं मला विचारलं, "मॅडम, आमी कुठं खेळायचं?"

मला लाज वाटली. मग रागच आला, पायापासून वर चढला. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

म्हणाले, "न्हाई सर. तास माझा हाय. गाडी मागं घ्या."

"उद्यापासून येऊ नका."

"लेखी द्या."

सगळ्या मुली येऊन आमच्या मागं उभ्या राहिल्या. पाहुणे बघत होते. पांढरी गाडी मागं गेली. बाकीच्या मैदानातच राहिल्या, संध्याकाळपर्यंत.

रात्री मुख्याध्यापकांचा फोन आला. माफी मागा, विषय मिटवू, म्हणाले. अब्बा समोरच बसून ऐकत होते. मी नाही म्हणून फोन ठेवला.

लेखी अजून आलेलं नाही. येईल. नोकरी जाईल, हेही मला दिसतंय. पण उद्या माझा तास आहे. मी जाणार. पट्टे पुन्हा आखणार. मुलींना पळायला लावणार, पार धाप लागेपर्यंत.