ड्रॉपडाउनमधली स्थळं

लग्न जुळवायच्या वेबसाइटवर काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. फोन उचलला की एक जमा! जळगावात डाळमिलच्या गल्लीत आमचं ऑफिस. मालक नाना, फोनवर अक्का, टेस्टिंगला सावद्याचा हेमंत आणि कोड लिहायला मी.

*

साइटच्या पहिल्याच दिवशी नानांनी फॉर्ममधला ‘शिक्षण’चा ड्रॉपडाउन, म्हणजे पर्यायांची यादी, उघडली. आत काहीच नाही! डेटाबेसमधून यादी आणली होती, पण पानाकडे पाठवायची राहिली होती.

नाना म्हणाले, "काय रे, आपल्या समाजात कोणीच शिकलं नाही?"

*

ते दुरुस्त केलं, तर धुळ्याहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला म्हणून फॉर्म परत आला, तो याद्या रिकाम्या होऊनच.

"अक्का, मी बठ्ठं भरं व्हतं, आन् पोरनं शिक्षणच गायब व्हई गयं!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "काळजी करू नका भाऊ. लग्नाआधी परत आणून देते."

*

उंचीच्या यादीत सगळ्यात वर ‘चार फूट’. ज्यांनी काहीच निवडलं नाही, त्यांची तीच उंची सेव्ह झाली. अख्खा रावेर तालुका बुटका! मग मी सगळ्यात वर ‘निवडा’ अशी ओळ टाकली.

ती वाचून अक्का म्हणाल्या, "निवडायला मिळतंय कुणाला!"

अक्कांचं लग्न झालेलं नाही. आम्ही कोणी हसलो नाही.

*

दीपनगरच्या कॉलनीतून एका आबांचा फोन आला. नोकरीतून रिटायर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

"‘नोंदणी कोणासाठी’ यात मुलगा आहे, मुलगी आहे, भाऊ-बहीण आहे. ‘स्वतः’ कुठंय?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. यादी डेटाबेसमधूनच यायची, त्यामुळे कोडला हात लावायची गरज नव्हती. मी तिथं एक नोंद वाढवली.

"आबा, पान परत उघडा."

"आलं की हो!"

अपेक्षेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘संध्याकाळी गॅलरीत बसायला सोबत.’

*

हेमंतनं टेस्टिंगसाठी स्वतःचीच खरी माहिती भरली. घरची केळीची बाग, राहणार सावदा. नाना ओरडले, "अरे, टेस्टिंगला खोटा माणूस घालायचा असतो!"

"नाना, खऱ्यालाही चालतं का ते बघायला नको?"

त्यानं ‘जुळणारी स्थळं’चं बटण दाबलं. एकही नाही.

"सर्च बरोबर चालतोय," तो म्हणाला.

*

‘लग्नानंतर कुठं राहायला आवडेल?’ या प्रश्नाला मुली जी गावं लिहायच्या, तेवढीच मुलांच्या यादीत दिसायची. कोणीच लिहिलं नाही, तर ते गाव यादीत नाही. पुणे, नाशिक, मुंबई. फार तर जळगाव. हेमंत रोज सकाळी चहाच्या आधी ती यादी उघडायचा. विचारलं तर म्हणायचा, "टेस्टिंग."

परवा दुपारी त्यानं मला हाक मारली, तीही इतकी हळू की आधी ऐकूच आली नाही. यादीत सगळ्यात खाली ‘सावदा’!

"दादा, तू टाकलंस?"

"नाही रे, शपथ!"

अक्कांनीही ‘मी नाही’ म्हणून मान हलवली. नाना तर ऑफिसात नव्हतेच.

मी खुर्ची ओढली. "थांब, डेटाबेसवर एक क्वेरी टाकली की नाव कळेल. कोण आहे बघू."

त्यानं माझा हात धरला.

"नको ना, दादा. आत्ता तरी ती कोणीही असू शकते."