दौंडला भरलेलं पाणी

“इंजनाला आज गोड लागंल बघ,” टँकरचा ड्रायव्हर म्हणाला.

“लागू दे की,” क्लीनर म्हणाला. “पाव्हणं हाय. पाव्हण्याला गोडच घालत्यात.”

दोघंही हसले. टँकरच्या पलीकडच्या बाजूला मी सावलीत उभी होते, त्यामुळे त्यांना दिसत नव्हते. टँकरमधून निघालेला जाड पाइप इंजिनामागच्या टेंडरवर, म्हणजे कोळशाच्या आणि पाण्याच्या टाकीवर, चढवलेला होता. पंप धडधडत होता. पाइपच्या जोडातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या खडीवर काळपट ओल पसरली होती.

मला आधी तो विनोद कळलाच नाही. मग वास आला.

मळीचा, साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकाचा, वास मी कुठेही ओळखेन. जळक्या गुळासारखा, थोडा आंबूस. गळिताच्या दिवसांत पप्पा घरी आले की त्यांच्या शर्टाला तोच वास असायचा. पप्पा साखर कारखान्याच्या वाहन विभागात होते. कोणता ट्रॅक्टर कुठे, कोणता टँकर कुठे, हे ते ठरवत. आणि आजचा हा टँकर त्यांनीच आणला होता.

आमच्या लाइनवरून वाफेची इंजिनं केव्हाच गेली होती. मी त्यातलं एकही धावताना पाहिलेलं नव्हतं. मुंबईच्या काही हौशी मंडळींनी रेल्वेकडून एक जुनं, जपून ठेवलेलं इंजिन सहलीसाठी मिळवलं होतं. पुण्याहून दौंड आणि परत पुणे, मागे मोजकेच डबे, आत बहुतेक परदेशी पाहुणे. अडचण पाण्याची होती. पूर्वी दौंडच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला वाकड्या मानेचे मोठे नळ होते म्हणे, इंजिनांसाठी. ते काढून टाकलेले. टँकर कोण देणार, असा प्रश्न सहलीच्या तयारीच्या बैठकीत निघाला तेव्हा पप्पा उभे राहिले. “आमी देतो,” म्हणाले. आणि त्याच दमात, “माजी मुलगी इंग्लिश मिडियमची हाय. पाव्हण्यांसंगं तिला ठेवा.”

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते.

सकाळी पुण्याहून निघाल्यापासून मी पाहुण्यांच्या डब्यात होते. एका बाईंनी उरुळीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी यवतला दिलं. प्रश्न अवघड नव्हता. उसाला पाणी किती लागतं, एवढाच होता. वाक्य मनात नीट लावून होईपर्यंत इतका वेळ जातो. त्या बाई हसून मान डोलवत राहिल्या. खुटबाव, केडगाव, पाटस, जिथे जिथे गाडी हळू झाली तिथे माणसं शेतातली कामं टाकून रुळाकडे पळत आली होती. म्हातारे हात जोडत होते. मला ते सगळं पाहायला फार आवडलं. पाहायला मला नेहमीच आवडतं.

मी टँकरच्या मागे गेले. पाइपच्या जोडाखाली हात धरला आणि बोटं एकमेकांवर घासली. ती चिकटली. फार नाही, पण पाण्यानं बोटं अशी चिकटत नाहीत.

आमच्या शिरूरच्या घरी जेवताना पप्पा कारखान्याच्या गोष्टी सांगत. त्यांतली एक ते हातवारे करून सांगत. बॉयलरच्या पाण्यात साखर गेली, की कारखान्यात कशी पळापळ होते. पाण्याला दुधासारखा फेस येतो. बाहेरच्या काचेच्या नळीत पाणी भरपूर दिसतं आणि खरं पाणी केव्हाच खाली गेलेलं असतं. लोखंड कोरडं तापत राहतं. “काच खोटं सांगती, आन् माणूस काचंवर इस्वास ठेवतो,” पप्पा म्हणायचे आणि आमटीच्या वाटीवर ताट पालथं घालून, मग ते उडवून दाखवायचे. आई ओरडायची.

इथे उडणार होतं ते ताट नव्हतं. इंजिनाच्या केबिनमध्ये दोन माणसं होती.

मी आधी आयोजकांकडे गेले. ते मुंबईचे, उंच, गळ्यात शिटी अडकवलेले गृहस्थ. चार माणसांशी एकाच वेळी बोलत होते. मी इंग्रजीत म्हणाले, सर, पाण्याबद्दल जरा... त्यांनी माझ्याकडे न बघताच इंग्रजीत सांगितलं, की पिण्याच्या बाटल्या दुसऱ्या डब्यात आहेत, पाहुण्यांना वाटून टाक. मी ‘येस सर’ म्हणाले. आणि खरंच दुसऱ्या डब्याकडे चालायला लागले. निम्म्यात थांबले.

पप्पा प्लॅटफॉर्मवर होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. स्टेशनातला कुणी त्यांना चहा आणून देत होता, कुणी हात मिळवत होता. “साहेब, तुमी व्हता म्हनून इंजनाला पानी मिळालं,” एक जण म्हणाला. पप्पांना कुणी साहेब म्हणत नसे. कारखान्यात ते नुसते भाऊ होते.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. लोक जरा सरकल्यावर हळूच विचारलं, “पप्पा, तो टँकर मळीचा आहे का?”

त्यांचा चेहरा हसराच राहिला. तो लोकांसाठी होता. “कुनी सांगितलं?”

“वास येतोय.”

“धुतलाय. दोनदा धुतलाय, वाफ मारून.”

“तळाशी राहिलंय, पप्पा. बोटं चिकटतात.”

ते मला खांबाच्या आड घेऊन गेले. “पान्याचा टँकर संचालकाच्या पोरीच्या लग्नाला गेला. मला काल सांजच्याला कळलं. मी काय करायचं व्हतं? फोन करून सांगायचं, टँकर न्हाई, तुमचं इंजन तुमी ढकलत न्या? न्हावऱ्याच्या रस्त्यानं उजाडायच्या आत घेऊन आलोय मी त्यो. आन् एवढ्या पान्यात वाटीभर मळी काय करती?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, बॉयलरमध्ये...”

“कारखान्याचा बॉयलर येगळा.” हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, इंजिनाकडे पाहत होते. मग एकदम हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली. “तू गप बस. तुला तसंबी गप बसायला आवडतंच की.”

ते मायेनं म्हणाले होते. म्हणून जास्त लागलं.

मी इंजिनाकडे निघाले. मनाशी ठरवलं, ड्रायव्हरला एकट्याला गाठायचं, हळू आवाजात सांगायचं, पप्पांचं नाव घ्यायचं नाही. पाणी बरोबर वाटत नाही, एवढंच.

इंजिनाचे ड्रायव्हर निवृत्त झालेले होते. वाफेचं इंजिन हाताळलेली माणसं आता कमीच, म्हणून त्यांना या सहलीसाठी मुद्दाम बोलावलं होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. रेल्वे कॉलनीतून त्यांची सून डबा घेऊन आली होती आणि कुंपणाशी नातीला कडेवर घेऊन उभी होती. नात इंजिनाला घाबरून तिच्या खांद्यात तोंड लपवत होती.

पण आप्पा एकटे नव्हते. दोन पाहुणे केबिनमध्ये चढले होते आणि खुणा करून काहीतरी विचारत होते. मला पाहताच आप्पांनी हाक मारली, “अगं ए इंग्लिश बाई, ये वर! ह्ये काय म्हनत्यात, सांग मला.”

मी शिडीचा दांडा धरून वर चढले. दांडा तापलेला होता. आत भट्टीची धग तोंडावर आली. दुसऱ्यांचे शब्द पोचवायला मला जड जात नाही. तोंड माझं असतं, पण बोलणारी मी नसते. पाहुण्यांनी काचेच्या नळीकडे बोट दाखवलं. मी आप्पांना विचारलं, ते काय आहे?

“ही पान्याची काच. आत किती पानी हाय ते हिच्यात दिसतं,” आप्पा म्हणाले. “सगळं काम हिच्यावर. सांग त्यास्नी.”

मी सांगितलं.

“आत्ता आत पुन्याचंच पानी हाय. निम्मं संपलंय, दिसतंय का? आता नारळ फुटला, की ह्यो इंजेक्टर लावतो.” त्यांनी एका पितळी दांड्यावर हात ठेवला. “मंग टेंडरचं नवं पानी आत जाणार. तवाच निघायचं.”

मी तेही इंग्रजीत सांगितलं. नारळ फुटल्यावर नवं पाणी आत जाईल. माझा आवाज अगदी नीट होता. पाहुणे म्हणाले, वंडरफुल.

तेवढ्यात फायरमन टेंडरवरून खाली उतरला. “आप्पा, टाकीत फेस लय दिसतोय.”

आता हे दोघंच ओळखतील आणि मला काहीच बोलावं लागणार नाही, असं वाटलं.

“पावडर टाकली न्हवं का त्यांनी, पानी मऊ करायला?” आप्पा म्हणाले. “जास्त पडली आसंल. आपल्या वक्ताला बी फेसायची.”

“वासबी जरा...”

“कोळशाचा आसंल. का तुज्या बिडीचा?”

फायरमन हसला आणि फावडं उचलून भट्टीकडे वळला. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आप्पा, म्हणून मी सुरुवातही केली असेन. निदान तोंड तरी उघडलं होतं. पण खालून आयोजकांची शिटी वाजली. सगळ्यांनी खाली या, पूजा आहे, गाडीची वेळ होतेय. पाहुणे माझ्या पुढून उतरले आणि त्यांच्या मागे मला उतरावं लागलं.

इंजिनाच्या पुढ्यात गर्दी जमली होती. झेंडूची माळ, हळद-कुंकू, कुणीतरी उदबत्ती बफरच्या फटीत खोचलेली. टँकर रिकामा होऊन बाजूला गेला होता. त्याचा ड्रायव्हर आणि क्लीनर बोनेटला टेकून मजा पाहत होते. दौंडला नारळ कुणी फोडायचा यावर थोडा वाद झाला. आयोजकांना पुढे केलं, त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. मग स्टेशनातल्या एकानं मोठ्यानं सांगितलं, “ज्यानं पानी दिलं त्येच्याच हातानं फुटू द्या!”

टाळ्या पडल्या. पप्पांच्या हातात नारळ आला.

त्यांनी चपला काढल्या. खडीवर अनवाणी दोन पावलं पुढे गेले. माझ्या वडिलांना मी इतक्या लोकांसमोर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. गावाकडे ते लग्नातसुद्धा मागच्या रांगेत बसत. पाहुणे फोटो काढत होते. वर केबिनच्या खिडकीतून आप्पा अर्धे बाहेर झुकले होते. एक हात बाहेर, दुसरा आत. तो दुसरा हात कशावर आहे, हे मला माहीत होतं.

पप्पांनी इंजिनाला नमस्कार केला. नारळ कपाळाला लावला, वर उचलला. आणि तसाच धरून ठेवला.

लोकांना वाटलं, फोटोसाठी थांबलेत. “बास, बास, आला फोटू, फोडा आता,” कुणीतरी ओरडलं. पप्पांची मान वर होती. ते आप्पांकडे बघत होते. त्यांच्या गळ्याशी शर्ट भिजला होता. घरी गोष्ट सांगताना ताट उडवण्याआधी ते क्षणभर थांबायचे, तसे हे थांबणं नव्हतं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. ते माझ्या फार ओळखीचं होतं. आजवर मला वाटायचं, मी आईवर गेलेय.

त्यांची अब्रू वाचवण्याचा कोणताच मार्ग नव्हता. हळू सांगावं तर अंतर होतं, मध्ये गर्दी होती. इंग्रजीत सांगावं तर आयोजक आधी मला खांबाआड घेऊन गेले असते, आणि तोवर नारळ फुटला असता. पप्पांचं नाव वगळून सांगावं तर टँकर कुणाचा हे सगळ्या प्लॅटफॉर्मला माहीत होतं.

पप्पांची नजर खाली आली आणि गर्दीत फिरली. माझ्यावर थांबली. ते मला थांबवत होते की बोल म्हणत होते, हे मला अजूनही सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलेलं नाही.

त्यांचा हात खाली यायला लागला.

“आप्पा, इंजेक्टर लावू नका!” मी ओरडले. सगळे वळले. मी शेजारच्या बाईंचा दंड धरला आणि उरलेलंही तितक्याच मोठ्यानं सांगितलं. “टेंडरमध्ये मळीचं पाणी आहे. टँकर मळीचा होता. माझ्या पप्पांना माहीत आहे.”