माझ्या नवऱ्याला बाजूचं दिसत नव्हतं

मैत्रिणींनो, घरी पोचताच लिहून राह्यली.

माझे मिस्टर राजूरला कोळसा खाणीत आहेत. दोन-तीन वर्षांत त्यांच्या बुटांचा नंबर दोनदा वाढला, चेहरा रुंद झाला. आम्ही हसण्यावारी नेलं. मग डोकेदुखी थांबेना. रक्त तपासलं, एमआरआय काढला आणि आज रिपोर्ट घेऊन यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी माझ्या मोबाइलमधला आमच्या लग्नातला फोटो पाहिला, मग यांचा चेहरा. "समोर पाहा," म्हणाले आणि यांच्या कानाजवळ बोट हलवलं. "दिसतंय?"

"काय दिसाले पाह्यजे?"

मला बोट दिसत होतं. यांना नाही. आणि हा माणूस रोज डंपरांच्या मधून चालतो!

मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ आहे. तिच्यामुळे वाढीचं हार्मोन जास्त बनतं, म्हणून पाय आणि चेहरा वाढला. कॅन्सर नाही, पण डोळ्यांच्या नसा दाबतेय. सोमवारी नागपूरला नाकातून ऑपरेशन.

परतताना बसमध्ये यांनी माझा हात सोडला नाही. "मले पुन्हा दिसन ना वं?"

मी "हो" म्हटलं. डॉक्टर मात्र "आत्ताच सांगता येत नाही" म्हणालेत.

तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन झालंय का? नंतर नजर आली का? धीर देऊ नका, खरं सांगा.